प्रकाशन-हरताळ

एखादा प्रस्तावित कायदा, वटहुकूम किंवा शासकीय आदेश यांचा निषेध करण्यासाठी वृत्तपत्राने, नियतकालिकाने वा आंतरजालावरील संकेतस्थळाने स्वतः होऊन ठराविक काळापुरते आपले प्रकाशन थांबविणे, कोरी जागा सोडणे अथवा पृष्ठ काळे करणे, या कृतीस प्रकाशन-हरताळ असे म्हणता येईल. ज्याचा व्यवसायच बोलण्याचा आहे, त्याने काही काळ न बोलून कायद्याचा संभाव्य परिणाम वाचकाच्या प्रत्ययास आणून द्यावयाचा, हे या कृतीमागील सूत्र होय. शासनाने लादलेली प्रकाशनबंदी आणि प्रकाशकाने स्वेच्छेने पाळलेला हरताळ या दोहोंत वाचकाला दिसते ती एकच गोष्ट, म्हणजे रिकामी जागा. पहिलीत ही जागा सत्तेने निर्माण केलेली असते. दुसरीत ती सत्तेविरुद्ध पुरावा म्हणून मांडलेली असते.

मराठीत ‘हरताळ’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. बाजाराला कुलूप लावणे, म्हणजे व्यवहार बंद ठेवणे, हा एक. दुसरा अर्थ हरताळ नावाच्या पिवळ्या खनिज द्रव्याचा. हस्तलिखित पोथीत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी त्यावर हरताळाचा लेप देत असत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार निघाला. प्रकाशन-हरताळात हे दोन्ही अर्थ एकवटतात : दुकानही बंद होते आणि अक्षरही झाकले जाते. प्रस्तुत नोंदीत या निषेधपद्धतीचा विकास, वऱ्हाड-मध्य प्रांताच्या भूमीतून उद्‌भवलेला १९४३ चा देशव्यापी हरताळ आणि आंतरजालाच्या युगात तिला आलेले रूप यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत दर्पण सुरू केले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांचा इतिहास हा मुद्रणाविषयीच्या कायद्यांशी निगडित राहिला आहे. लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये संमत झालेला देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. अमृत बझार पत्रिका हे बंगालमधील पत्र यामुळेच तातडीने संपूर्ण इंग्रजी झाले. मुद्रणावरील नियंत्रण हे भाषेवरील नियंत्रणही असू शकते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. लॉर्ड रिपन याच्या काळात हा कायदा रद्द झाला. तथापि १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने जामिनाची पद्धत आणली. मुद्रणालयाच्या वा पत्राच्या चालकाकडून आगाऊ रक्कम ठेवून घ्यावयाची व आक्षेपार्ह मजकूर छापल्यास ती जप्त करावयाची, असे तिचे स्वरूप होते. या पद्धतीत न्यायालयात गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच पत्र बंद पाडता येई. शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) यांचे काळ हे साप्ताहिक १९१० मध्ये जामिनाच्या मागणीमुळेच बंद पडले. हा कायदा १९२२ मध्ये रद्द करण्यात आला.

काळ बंद पडले ते सक्तीमुळे. त्यास हरताळ म्हणता येणार नाही. मात्र अशा प्रसंगांतून संपादकांपुढे एक प्रश्न उभा राहिला : अटी मान्य करून अर्धेमुर्धे छापावे, की पत्र आपणच थांबवावे? महात्मा गांधींनी दुसरा पर्याय राजकीय शस्त्र म्हणून वापरला. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात लॉर्ड अर्विन याने एप्रिलमध्ये मुद्रणविषयक वटहुकूम काढला, तेव्हा जामीन भरू नये, मुद्रणालय जप्त झाले तरी होऊ द्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. नवजीवन मुद्रणालय सरकारने ताब्यात घेतले आणि यंग इंडिया चक्रमुद्रित स्वरूपात निघू लागले.

याच धोरणाचे पुढचे पाऊल विदर्भात पडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या सत्याग्रहाविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी तो सरकारी अधिकाऱ्यास दाखवावा, अशा आशयाची सूचना हरिजन पत्रास मिळाली. गांधींनी ती पाळण्याचे नाकारले व हरिजन गटातील इंग्रजी, हिंदी आणि गुजराती अशी तिन्ही साप्ताहिके स्थगित केली. ती पुढे जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. कात्री लावून घेतलेल्या शब्दापेक्षा संपूर्ण मौन अधिक प्रामाणिक, ही भूमिका येथे प्रथमच सुस्पष्टपणे आचरणात आली. पण हा एका व्यक्तीचा व तिच्या पत्रांचा निर्णय होता. साऱ्या वृत्तपत्रसृष्टीने एकाच दिवशी मौन पाळण्याचा प्रसंग दोन वर्षांनी आला आणि त्याचे कारणही याच प्रदेशात घडले.

चिमूर आणि ६ जानेवारी १९४३ : ‘छोडो भारत’ आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्या भागात तुकडोजी महाराजांच्या भजनांनी लोकजागृती झालेली होती. गोळीबारात नागरिक मारले गेले. जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारीही प्राणास मुकले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही असाच संघर्ष झाला. त्यानंतर चिमुरात लष्कर व पोलीस यांची पथके आली. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. या तक्रारींची स्वतंत्र चौकशी करण्यास मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नकार दिला.

सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी हे दीर्घ मौनव्रतासाठी प्रसिद्ध असलेले साधक होते. नोव्हेंबर १९४२ च्या आरंभी ते दिल्लीस गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे (१८८०–१९६८) यांच्या निवासस्थानी त्यांनी चिमूरच्या चौकशीची मागणी केली. अणे यांच्याकडे जाण्यास औचित्य होते. ते यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. यवतमाळ येथे वकिली करीत असता त्यांनी तेथून लोकमत हे साप्ताहिक चालविले होते आणि १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले होते. एकेकाळचा संपादक व सत्याग्रही आता सरकारात होता. मागणी पदरात न पडल्याने भणसाळींनी उपोषण आरंभिले. त्यांना दिल्लीतून हलवून सेवाग्रामला आणण्यात आले. तेथून ते चिमूरच्या वाटेने निघाले असता त्यांना परत आणले गेले. ११ नोव्हेंबरपासून त्यांचे उपोषण अखंड सुरू राहिले.

उपोषणाची वार्ता पसरू लागताच सरकारने भणसाळींच्या उपोषणाविषयी व चिमूरच्या घटनांविषयी मजकूर छापण्यास बंदी केली. या बंदीमुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. सेवाग्रामला एक मनुष्य अन्न वर्ज्य करून पडला आहे, हे वर्ध्याच्या बाजारात ठाऊक होते. वर्ध्याहून देवळीमार्गे यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब लागते. चिंतामणीच्या देवस्थानामुळे तेथे आसपासच्या गावांतून लोकांचा राबता असतो. अशा गावांपासून सेवाग्राम दूर नव्हते. पण तेथे येणाऱ्या वृत्तपत्रात त्याविषयी एक ओळही येऊ शकत नव्हती. उपोषण हे मूलतः लोकांच्या सदसद्‌विवेकबुद्धीला केलेले आवाहन असते. ते लोकांपर्यंत पोहोचूच दिले नाही, तर उपोषण करणाऱ्याचा मृत्यूही निष्फळ ठरण्याचा संभव असतो. म्हणून बातमीवरील बंदीचा प्रश्न या ठिकाणी केवळ वृत्तपत्रांच्या हक्काचा राहिला नाही; एका माणसाचा प्राण आणि एका गावातील स्त्रियांची प्रतिष्ठा त्यात गुंतलेली होती.

हा प्रश्न अखिल भारतीय वृत्तपत्र-संपादक परिषदेने हाती घेतला. युद्धविषयक मजकुरावर निर्बंध घालणाऱ्या सरकारी आदेशाच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९४० मध्ये दिल्ली येथे ही परिषद स्थापन झाली होती. मद्रासच्या हिंदू पत्राचे कस्तुरी श्रीनिवासन हे तिचे पहिले अध्यक्ष. सरकारशी सल्लामसलत करून संपादकांनी स्वयंनियंत्रण पाळावे, असे तिचे प्रारंभीचे धोरण होते. चिमूर प्रकरणी हे धोरण अपुरे ठरले. डिसेंबर १९४२ मध्ये मुंबईत घेतलेल्या निर्णयानुसार परिषदेने द्विविध कार्यक्रम जाहीर केला. राजभवनातून येणारी परिपत्रके, नववर्षाच्या सन्मानांची यादी आणि निर्णय वा घोषणा यांचा भाग वगळता सरकारी सभासदांची भाषणे छापावयाची नाहीत, हा एक भाग. ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस प्रकाशन बंद ठेवावयाचे, हा दुसरा.

या कार्यक्रमाची आखणी लक्षणीय आहे. वाचकाला आवश्यक असलेले शासकीय निर्णय छापण्याची मुभा ठेवून, ज्याचा उपयोग केवळ सत्तेच्या प्रतिष्ठेपुरता होता तेवढाच मजकूर वगळण्यात आला. सरकार जनतेची बातमी छापू देत नाही, म्हणून वृत्तपत्रे सरकारच्या मानमरातबाची बातमी छापणार नाहीत, असा हा तोडीस तोड जबाब होता. हरताळ मात्र एकाच दिवसाचा ठेवण्यात आला. लांबलेला हरताळ सरकारच्या सोयीचाच ठरला असता. ठरल्याप्रमाणे राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी त्या दिवशी प्रकाशन बंद ठेवले. योगायोग असा, की दर्पण निघाल्यास त्या दिवशी बरोबर १११ वर्षे पूर्ण होत होती.

पुढे सहाच दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी, डॉ. ना. भा. खरे प्रभृतींच्या मध्यस्थीनंतर सरकारशी समझोता होऊन भणसाळींनी ६३ दिवसांचे उपोषण सोडले आणि त्याविषयीच्या बातम्यांवरील बंदी उठविण्यात आली. याचे श्रेय एकट्या हरताळास देता येणार नाही. उपोषणाचे नैतिक दडपण, मध्यस्थांची खटपट आणि वृत्तपत्रांची एकजूट या तिन्हींचा तो परिपाक होता. शिवाय जे मिळाले त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. बातमी मोकळी झाली, पण स्वतंत्र चौकशीची मूळ मागणी मान्य झाली नाही. चिमूर-आष्टी खटल्यांतील फाशीच्या शिक्षांविरुद्ध लोकांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले. अखेरीस उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत परिवर्तित झाल्या. बापूजी अणे यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींच्या उपोषणाच्या प्रश्नावर होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. हरताळाने न्याय मिळवून दिला नाही. न्याय मागता येईल एवढी वाट त्याने मोकळी केली. या निषेधपद्धतीचे यथार्थ मूल्यमापन याच मापाने करणे योग्य ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळ : आणीबाणी जाहीर झाल्यावर २८ जून १९७५ रोजी इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेचा अर्थ वाचकाला तत्काळ उमगला. तो सरकारलाही उमगला, म्हणूनच अभ्यवेक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांत कोऱ्या जागा सोडण्यास मनाई करण्यात आली. छापलेल्या शब्दावर बंदी घालणाऱ्या सत्तेला न छापलेल्या शब्दावरही बंदी घालावी लागली, हे या प्रसंगाचे मर्म होय. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या फ्रीडम फर्स्ट या मासिकासंबंधीच्या खटल्यात अभ्यवेक्षकाचे आदेश रद्द ठरविले. हरताळाचा मार्ग रोखला गेला असता न्यायालयाचा मार्ग काही अंशी खुला राहिला, याचे हे उदाहरण होय.

प्रस्तावित कायद्याविरुद्धचा हरताळ स्वतंत्र भारतात दोन प्रसंगी ठळकपणे दिसून आला. जुलै १९८२ मध्ये बिहार विधानसभेने आक्षेपार्ह लेखनाबद्दल कठोर शिक्षा सुचविणारे विधेयक संमत केले. त्याविरुद्ध ३ सप्टेंबर १९८२ रोजी देशभर वृत्तपत्रीय बंद पाळण्यात आला आणि १९८३ मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आले. पुढे ऑगस्ट १९८८ च्या अखेरीस लोकसभेने बदनामीविषयक विधेयक संमत केले. त्यातील तरतुदींमुळे आरोपी संपादक व वार्ताहर यांच्यावर प्रतिकूल भार पडेल, असा आक्षेप घेण्यात आला. पत्रकार, संपादक आणि एरवी परस्परांशी स्पर्धा करणारे वृत्तपत्रमालक यांनी एकत्र येऊन ६ सप्टेंबर १९८८ रोजी हरताळ पाळला. राज्यसभेत मांडले जाण्यापूर्वीच, त्याच महिन्यात, पंतप्रधान राजीव गांधी यांनी हे विधेयक मागे घेत असल्याचे जाहीर केले. कायदा अस्तित्वात येण्यापूर्वीच पाळलेला हरताळ अधिक परिणामकारक ठरतो, असे अनुमान या दोन्ही उदाहरणांवरून निघते. कारण या टप्प्यावर शासनास माघार घेणे तुलनेने सोपे असते.

आंतरजालीय हरताळ : विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशनाचे साधन बदलले आणि ही पद्धतही नव्या साधनात उतरली. अमेरिकेत ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दूरसंचारविषयक कायद्यावर सही केली. त्यातील एका भागाने आंतरजालावरील ‘असभ्य’ मजकूर अल्पवयीनांपर्यंत पोहोचविणे हा गुन्हा ठरविला होता. निषेध म्हणून अनेक संकेतस्थळांनी ४८ तास आपली पृष्ठे काळ्या पार्श्वभूमीवर दाखविली. मजकूर वाचता येत होता, फक्त पृष्ठाने सुतक धरले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून १९९७ रोजी त्यातील प्रमुख तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये, स्वामित्वहक्काच्या भंगाचा वारंवार आरोप झालेल्या ग्राहकाची आंतरजालजोडणी तोडण्यास वाव देणाऱ्या कलमाविरुद्ध, आठवडाभर पृष्ठे व छायाचित्रे काळी करण्यात आली. सरकारने ते कलम अंमलात आणणे लांबणीवर टाकले व नंतर त्याची पुनर्रचना केली.

प्रत्यक्ष सेवा बंद ठेवण्याचे पहिले मोठे उदाहरण इटलीतील होय. प्रस्तावित विधेयकानुसार, एखाद्या मजकुराने आपली मानहानी झाली असे कोणी म्हटल्यास त्याची शहानिशा न करता संकेतस्थळाने ४८ तासांत दुरुस्ती प्रसिद्ध करणे बंधनकारक होणार होते. स्वयंसेवकांनी लिहिलेल्या मुक्त ज्ञानकोशास हे जाचक ठरणारे असल्याने इटालियन विकिपीडियाने ४ ते ६ ऑक्टोबर २०११ या काळात आपली सर्व पृष्ठे झाकली. त्यानंतर ती तरतूद नोंदणीकृत वृत्तसंस्थांपुरती मर्यादित करण्याची दुरुस्ती पुढे आली.

सर्वांत व्यापक हरताळ १८ जानेवारी २०१२ रोजी झाला. अमेरिकेच्या काँग्रेसपुढे त्या वेळी दोन विधेयके होती : प्रतिनिधिगृहात लामार स्मिथ यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये मांडलेले, चोरट्या प्रती रोखण्याविषयीचे; आणि सिनेटमध्ये पॅट्रिक लेही यांनी त्याच वर्षी मे महिन्यात मांडलेले, बौद्धिक संपदेच्या संरक्षणाविषयीचे. चित्रपट व संगीत यांच्या चोरट्या प्रती पुरविणाऱ्या परदेशी संकेतस्थळांना आळा घालणे हा त्यांचा घोषित हेतू होता आणि चोरीमुळे होणारे नुकसान खरे होते. वाद होता तो उपायाविषयी. आंतरजालावर प्रत्येक संकेतस्थळास एक अंकात्मक पत्ता असतो. वाचक जे नाव टंकतो त्याचे अशा पत्त्यात रूपांतर करणारी एक व्यवस्था पडद्याआड काम करते. ही एक प्रकारची नामसूचीच होय. विधेयकांच्या मूळ मसुद्यांनुसार न्यायालयाच्या आदेशाने या नामसूचीतून संकेतस्थळाचे नाव गाळणे, शोधयंत्रांतून त्याचा उल्लेख काढणे आणि त्याच्या जाहिराती व पैशांचे व्यवहार तोडणे शक्य होणार होते. एका पृष्ठावरील दोषासाठी समग्र संकेतस्थळ अदृश्य होईल, लोकांनी लिहिलेला मजकूर ठेवणारे चालक आगाऊच धास्तावतील, असे आक्षेप घेण्यात आले. आगाऊ जामिनाच्या धास्तीने मुद्रणालये ज्याप्रमाणे पत्र छापण्यास कचरत, त्याच्याशी या भीतीचे साम्य उघड आहे.

इंग्रजी विकिपीडियाच्या सुमारे १,८०० संपादकांनी चर्चेत भाग घेऊन २४ तासांच्या बंदचा निर्णय घेतला. भारतीय वेळेनुसार १८ जानेवारीच्या सकाळी १०·३० पासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ज्ञानकोशाच्या जागी एक काळे पृष्ठ दिसत राहिले. हा निर्णय इंग्रजी आवृत्तीपुरता होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा स्वतंत्र संपादकवर्गाचा प्रकल्प असून तो त्यात समाविष्ट नव्हता. तथापि इंग्रजी आवृत्ती जगभर वापरली जात असल्याने, वॉशिंग्टनमधील विधेयकाची झळ महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यासही त्या दिवशी लागली. त्या एका दिवसात १६ कोटींहून अधिक वेळा ते काळे पृष्ठ पाहिले गेले आणि सुमारे ८० लाख वाचकांनी त्यावरील सोयीचा उपयोग करून आपल्या लोकप्रतिनिधीचा ठावठिकाणा शोधला. गूगलने सेवा चालू ठेवली, पण आपल्या नाममुद्रेवर काळी पट्टी ओढून निषेधपत्रकावर लक्षावधी सह्या मिळविल्या. दोनच दिवसांनी, २० जानेवारी रोजी, दोन्ही विधेयकांवरील कार्यवाही पुढे ढकलण्यात आली. ती पुन्हा कधीच पुढे सरकली नाहीत.

प्रत्येक हरताळ यशस्वी होतोच असे नाही. यूरोपीय संघाच्या स्वामित्वहक्कविषयक निर्देशाविरुद्ध २१ मार्च २०१९ रोजी जर्मनसह काही भाषांतील विकिपीडियांनी बंद पाळला; तरीही यूरोपीय संसदेने तो निर्देश २६ मार्च रोजी ३४८ विरुद्ध २७४ मतांनी संमत केला.

भारतातील परिस्थिती : भारतात आंतरजालविषयक कायद्यांना झालेल्या विरोधाने बहुधा हरताळाचे रूप घेतले नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ६६-अ हे कलम ‘त्रासदायक’ वा ‘घोर आक्षेपार्ह’ संदेशाबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करीत होते. त्या वेळी त्याविरुद्ध सार्वत्रिक निषेध झाला नाही. कलमाचा अर्थ लोकांना उमगला तो अटकांमुळे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल आणि त्यास पसंती दर्शविल्याबद्दल पालघर येथील दोन तरुणींना अटक करण्यात आली. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या नियमांतील काही तरतुदींना ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि शासनविषयक मजकुराची सत्यता ठरविणाऱ्या शासकीय कक्षाची तरतूद सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. आंतरजालाच्या समान वापराच्या प्रश्नावर २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणास पत्रे पाठविली व ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने आशयानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली. न्यायालय आणि पत्रे ही येथील प्रमुख साधने ठरली.

याच काळात ‘आंतरजाल बंद’ हा शब्दप्रयोग भारतीय वाचकाच्या परिचयाचा झाला तो निराळ्याच अर्थाने. शांतता व सुव्यवस्थेच्या कारणास्तव प्रशासनच आंतरजालसेवा खंडित करू लागले. यवतमाळच्या शेजारील अमरावती येथे नोव्हेंबर २०२१ मधील दंगलीच्या वेळी असा आदेश निघाला होता. सेवा अनिश्चित काळ खंडित ठेवता येणार नाही व असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. सक्तीचे मौन व स्वेच्छेचे मौन यांतील जो भेद काळ व हरिजन यांच्या उदाहरणांत दिसतो, तोच येथेही लागू पडतो.

मूल्यमापन : प्रकाशन-हरताळाच्या यशास काही गोष्टी पोषक ठरल्या आहेत. बंद पडलेल्या प्रकाशनाची वाचकास खरी गरज असावी लागते. हरताळ अल्पकालीन व पूर्वघोषित असावा लागतो. परस्परांचे स्पर्धक असलेले प्रकाशक एकत्र यावे लागतात. आणि काय करावे हे वाचकास सांगावे लागते. या पद्धतीवरील आक्षेपही दुर्लक्षणीय नाहीत. ज्ञानकोशाने तटस्थ असावे, त्याने राजकीय वादात पडू नये, असा आक्षेप २०१२ मध्ये काही संपादकांनीच घेतला होता. हरताळाची पहिली झळ शासनास न लागता निरपराध वाचकास लागते. शिवाय हे शस्त्र बलवानाच्याच हाती शोभते : कोट्यवधी वाचकांचे संकेतस्थळ दिवसभर बंद राहिले तर जगभर चर्चा होते, तालुक्याच्या गावचे साप्ताहिक आठवडाभर निघाले नाही, तर आर्थिक अडचण असेल असे समजून लोक स्वस्थ राहतात.

म्हणूनच १९४३ च्या हरताळाचे महत्त्व विशेष आहे. त्या दिवशी मोठ्या नगरांतील वृत्तपत्रांनी आपला आवाज थांबविला तो स्वतःच्या व्यवसायाचे हितसंबंध जपण्याकरिता नव्हे. ज्या गावाचे स्वतःचे वृत्तपत्र नव्हते आणि ज्या स्त्रियांची तक्रार ऐकून घेण्यास कोणी तयार नव्हते, त्यांच्याकरिता तो थांबविला. दूरच्या, दुर्बल लोकांचे बोलणे दाबले जात असता बोलण्याची साधने हाती असलेल्यांनी आपले बोलणे क्षणभर पणास लावावे, हा आदर्श त्यातून घालून दिला गेला. आंतरजालाच्या युगातील कोणत्याही हरताळाची कसोटी यापुढेही हीच राहील.